डॉक्टरांचे मानधन रुग्णांनाही कळू द्या

औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू वा सहली देऊ नयेत, अशी संहिता केंद्राने मार्च २०२४ मध्ये काढली. चांगलेच झाले. पण कोणत्या डॉक्टरने कोणत्या कंपनीकडून व्याख्यानाचे, सल्ल्याचे मानधन घेतले, हे रुग्णाला कळायची सोय त्यात कुठे आहे? अमेरिकेत २०१० च्या कायद्यामुळे अशी देणी डॉक्टरांच्या नावानिशी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. आमच्या देवगड-मालवणकडे तज्ज्ञ डॉक्टर मोजकेच. दुसरे मत हवे तर कोल्हापूर, नाहीतर गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठायचे. म्हणून समोरच्या डॉक्टरविषयी ही माहिती आम्हाला हवीच. (मानधन घेणारा प्रत्येक डॉक्टर लबाड, असे मुळीच म्हणायचे नाही.) महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणावेळी हे विवरण मागावे आणि जाहीर करावे.

– एक वाचक, देवगड