स्टीलहेड सोडायचा तर जगेल असा सोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला स्टीलहेड माशाच्या फ्लाय फिशिंगवरचा, म्हणजे गळावर नकली माशी बांधून केलेल्या मासेमारीवरचा लेख सकाळी वाचला, दुपारी पुन्हा वाचला, आणि आज उठल्यावरही राग उतरला नाही म्हणून हे पत्र. इथल्या वॉशिंग्टन राज्यातल्या होह नदीचे वर्णन लेखकाने फार चांगले केले आहे. हिमनदीतून आलेल्या पाण्याचा राखाडी-हिरवा रंग, शेवाळाने लगडलेले मेपल, मार्चमधला न थांबणारा पाऊस, सगळे अगदी तसेच आहे. पण सामान कोणते घ्यावे हे सांगताना त्यांनी लिहिले आहे की रॉड जितका हलका आणि दोर जितका बारीक, तितकी झुंज लांबते आणि मजा वाढते. हे वाक्य तुम्ही छापायला नको होते.

कारण मी तेच ऐकून एक मादी मारली आहे.

मी अमेरिकेत टकोमाला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका दुकानदाराने ट्राउटचा हलका, ६ वेटचा रॉड, ६ पौंडांचा ताण सोसणारा टिपेट (माशी बांधायचा दोराच्या टोकाचा बारीक धागा) आणि गाठीगाठीच्या नायलॉनची हातजाळी माझ्या हातात ठेवली. स्टीलहेडला हे चालते, उलट जास्त मजा येते, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. मी विश्वास ठेवला. होहवर तिसऱ्या दिवशी मासा लागला. दहा पौंडांच्या आसपासची मादी असावी. टिपेट तुटेल या भीतीने मला जोर लावता येईना आणि ती दोनदा प्रवाहाबरोबर खाली गेली. मित्राच्या घड्याळाप्रमाणे पंचवीस मिनिटांनी ती आडवी होऊन काठाशी आली. जाळीच्या गाठींनी खवले निघाले, शेपटीचा पर चिरला. मी तिला फोटोसाठी वर उचलले. पावसाने भिंग ओले झाले होते, ते पुसून मित्राने दुसरा फोटो काढला. तोवर मी तिला हवेतच धरले होते.

पाण्यात ठेवली तर ती सरळ राहीना. प्रवाहाकडे तोंड करून मी तिला बराच वेळ धरून बसलो. शेवटी शेपटी हलली आणि ती गेली, आम्हाला आनंद झाला. तासाभराने खालच्या वळणावर, पडलेल्या ओंडक्यामागच्या संथ पाण्यात, पांढरे पोट वर करून तरंगताना ती दिसली. पोट गाभोळीने भरलेले होते. तो रॉड मी पुन्हा स्टीलहेडसाठी वापरला नाही आणि ते दोन्ही फोटो कुणाला दाखवले नाहीत.

म्हणून सांगतो, स्टीलहेडचे सामान निवडताना मासा किती लवकर हाताशी येईल, हे आधी पाहायचे. झुंज लांबली की माशाच्या अंगात लॅक्टिक आम्ल साठते. अशा वेळी त्याला प्राणवायू सगळ्यात जास्त लागतो आणि नेमके तेव्हाच आपण त्याला पाण्याबाहेर काढतो. हवेत कल्ल्यांचे तंतू एकमेकांना चिकटतात, श्वास बंद होतो.

लेखात '८ वजनाचा रॉड' असे छापले आहे, तेही दुरुस्त करा. ८ वेट हे रॉडचे वजन नाही, तो कोणत्या दोराला बनला आहे त्याचा क्रमांक आहे. ८ वेटच्या दोराच्या पहिल्या ३० फुटांचे वजन २१० ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम. हिवाळी स्टीलहेडला ८ वेट घ्या. उन्हाळ्यातल्या लहान माशांना ७ चालेल. टिपेट १० ते १२ पौंडांचा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोर सुटण्यावरचा ब्रेक, झटका न देता सुटणारा हवा, कारण झटक्याने दोर तुटला तर मासा तोंडात गळ घेऊनच जातो. दोरामागे दीडशे-दोनशे यार्ड बॅकिंग, म्हणजे राखीव दोरा. आणि मासा ओढताना रॉड आभाळाकडे नको, आडवा, पाण्यालगत, काठाच्या दिशेने. माशाचे डोके वळले की त्याचा जोर निम्मा होतो. हे मला कुणी आधी सांगितले असते तर ती मादी पाच-सात मिनिटांत सुटली असती.

दोन हातांच्या स्पे रॉडबद्दल लेखात फक्त त्याच्या देखणेपणाचे कौतुक आहे. तेरा फुटांचा रॉड आणि वॉशिंग्टनमधल्याच स्कॅजिट नदीचे नाव मिळालेला आखूड, जड दोर यांनी दोराचे पाण्यात बुडणारे टोक आणि मोठी माशी सहज फेकली जाते, हे खरे. पण एकटा माणूस तेरा फुटांच्या रॉडने मासा हाताशी आणतो कसा? रॉड मागे टाकून लीडर, म्हणजे दोराच्या पुढचा पारदर्शक धागा, धरायला जातो, टोक मोडते किंवा मासा खडीवर ओढला जातो. खडीवर ओढलेल्या माशाचे खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर दोन्ही जातात, मग बुरशी धरते. म्हणून लांब दांड्याची, रबरी, बिनगाठीची मोठी हातजाळी लागतेच. गुडघाभर संथ पाण्यात जाळी बुडवायची, मासा तिच्यातच पाण्याखाली राहू द्यायचा, आधी हात ओले करायचे आणि चिमट्याने गळ काढायचा. जाळी जड होते म्हणून घरी ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी रिळावरचा खर्च थोडा कमी करावा, पण जाळी घ्यावी.

गळाबद्दल लेखात एक शब्द नाही. लांब दांडीचा गळ तोंडात तरफेसारखा फिरतो आणि जखम मोठी करतो. त्यापेक्षा माशीच्या मागे दोऱ्याने अडकवलेला आखूड दांडीचा, २ किंवा ४ नंबरचा एकेरी गळ घ्या आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. असा गळ बोटांनीही निघतो. दोर ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आता लेखासोबतच्या फोटोविषयी. लेखकाने दोन्ही हातांनी मासा छातीपर्यंत उचलला आहे. पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत दिसतो. हॅचरीतल्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या माशांचा तो पर पिल्लू असतानाच कापतात, म्हणजे हा मासा जंगली आहे. जो स्टीलहेड सोडणे बंधनकारक आहे, तो पूर्णपणे पाण्याबाहेर काढायला वॉशिंग्टन राज्याच्या नियमांत मनाई आहे. तुमच्या पुरवणीने तो फोटो चार स्तंभांत छापला. उद्या सिएटल-पोर्टलंडमधली आपली मराठी मुले तसाच फोटो काढायला जातील.

शेवटच्या परिच्छेदात म्हटले आहे की अंडी घालून हे मासे मरतातच, तेव्हा फार हळवे होऊ नये. हे चिनुक, कोहो अशा पॅसिफिक सॅमनबद्दल बरोबर आहे, स्टीलहेडबद्दल नाही. स्टीलहेड हा समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट. अंडी घातल्यावर काही मासे, त्यांतही माद्या जास्त, पुन्हा समुद्रात जातात आणि दुसऱ्यांदा अंडी घालायला नदीत येतात. अशा जिवाला मरणारच म्हणून कसे वाऱ्यावर सोडता? वॉशिंग्टनमधल्या प्युजेट साउंड या खाडीच्या भागातला स्टीलहेड २००७ पासून संघराज्याच्या कायद्याखाली धोक्यातल्या प्रजातींत आहे. अनेक वर्षांच्या बंदीनंतर २०१८ मध्ये स्कॅजिटवर पकडून सोडण्याचा छोटा हंगाम उघडला, तेव्हा लोक पहाटेपासून काठावर उभे होते. ते हळवे नव्हते, त्यांनी रिकामी नदी पाहिली होती.

मी मूळचा कुडाळजवळचा. आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, गाभोळीने भरलेले. लहानपणी आम्ही ते रात्री बॅटरी घेऊन पकडायचो, गाभोळी तळून खायचो, आणि मला ती फार आवडायची. तेव्हा कुणी काही सांगितले नाही. आता मात्र दर जूनमध्ये तुम्हीच पहिल्या पानावर चढणीच्या माशांच्या ढिगाचा फोटो छापता आणि खवय्यांची चंगळ म्हणून मथळा देता. समुद्रातल्या यांत्रिक बोटींना पावसाळ्यात बंदी का असते, हे तुमच्याच पानांवर दर वर्षी येते. मग त्याच महिन्यात ओढ्यात चढणाऱ्या मादीची चंगळ कशी होते? यावर मी मागेही पत्र लिहिले होते, ते आले नाही.

पुढच्या रविवारी लेखाचा दुसरा भाग येणार आहे, ओरेगनच्या डेशूट्स नदीवर, उन्हाळ्यात. कृपया लेखकाला कळवा की सामानाच्या यादीत थर्मामीटर घाला. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की कितीही चांगला रॉड आणि जाळी असली तरी दमलेला स्टीलहेड सावरत नाही, त्या दिवशी दोर गुंडाळून घरी जायचे. आणि त्या भागासोबत छापायला फोटो हवा असेल तर अर्धा पाण्यात असलेल्या माशाचा छापा.

आपला,
एक वाचक
टकोमा, वॉशिंग्टन