भूल कुठली देणार, हे आधी सांगा

संपादक महोदय,

आमच्या आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच इंदूरात झालं, इम्प्लांट कुठल्या कंपनीचं यावर घरात रोज चर्चा, पण भूल कशी देणार हे कोणी विचारलंच नाही आणि हॉस्पिटलवाल्यांनीही सांगितलं नाही, स्ट्रेचरवर असताना फॉर्मवर सही घेतली, बस. हे फार चुकीचं आहे.

गुडघा किंवा खुब्यासाठी बहुतेक वेळा कंबरेत इंजेक्शन देतात, कंबरेखालचा भाग काही तास सुन्न होतो, पेशंट जागा असतो, भीती वाटत असेल तर झोपेचं औषध देता येतं. आत्याला हेच माहीत नव्हतं, आतून ठोकाठोकीचा आवाज ऐकून ती बिचारी थरथरत होती. खांद्या-हातासाठी मानेजवळ किंवा काखेत नसेचा ब्लॉक, म्हणजे नस सुन्न करणारं इंजेक्शन देतात, आणि पूर्ण बेशुद्ध करणारी पूर्ण भूल तर आहेच. कंबरेतल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, त्याला आधार नाही, काही दिवस तिथे दुखू शकतं किंवा क्वचित डोकं दुखतं. आणि पूर्ण भूल म्हणजे म्हाताऱ्यांना धोकाच, असंही सरसकट नाही, अमेरिका-कॅनडात खुब्याच्या फ्रॅक्चरच्या 1,600 पेशंट्सवर अभ्यास झाला, एका गटाला कंबरेत इंजेक्शन, दुसऱ्याला पूर्ण भूल, 2021 मध्ये छापून आला, 60 दिवसांनी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं लागतं, मनाने बंद करू नये. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तरी भूलतज्ज्ञांची भेट प्रत्येक हॉस्पिटलने घडवून द्यावी, आणि फॉर्म हिंदी-मराठीत असावा.

एक वाचक, रामबाग, इंदूर