रद्द झालेल्या कायद्याचा शेरा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइल परत आली. कारण एका ओळीचं: मिळकत पत्रिकेवर कलम २० चा शेरा आहे, नाजकधाची ना हरकत जोडावी.

नाजकधा म्हणजे १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. केंद्राने तो १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने २९ नोव्हेंबर २००७ पासून. तेव्हा माझे मिस्टर सोसायटीचे सेक्रेटरी होते. पेढे घेऊन आले, "सुटलो" म्हणाले.

साहेब, सुटलो कुठे? मुंबईत ५०० चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन सरकारने घ्यावी, गरिबांना घरं मिळावीत, म्हणून तो कायदा होता. जमीनमालकांनी कलम २० खाली जमीन स्वतःकडे ठेवण्याची सूट घेतली, बदल्यात अटी लिहून दिल्या. आम्ही नंतर पै पै जमवून गाळे घेतले. कायदा गेला, पण रद्द करतानाच सूट दिल्याचे आदेश राखून ठेवले आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही त्या अटी शासन लागू करू शकतं असं सांगितलं. २०१९ मध्ये अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून सुटकेचा मार्ग निघाला. अटी लिहून देणारे निघून गेले, आता पैसे पेन्शनवाल्यांनी भरायचे?

मिस्टर गेले, फाइल माझ्याकडे आली. तीन जिने, दुखरे गुडघे, दीड वर्षात निदान चाळीस हेलपाटे. मूळ आदेशाची प्रत आणा म्हणतात. ती त्यांच्याच दप्तरात, आणि त्यांनाच सापडत नाही! जुलैत स्लॅबचा पोपडा पडला तो मिस्टरांच्याच पलंगावर. त्या रात्री मी खुर्चीत बसून काढली.

हे एकट्या नाजकधाचं नाही. इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा सांगणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दबातल ठरवलं, तरी २०२१ मध्येही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत होते. इतके कायदे रद्द केले म्हणून तुम्ही सगळे आकडे सांगता. टेबलावरच्या माणसाला ते कोण सांगतं? जुना शेरा कोण पुसतं?

कलम २० चे सगळे मूळ आदेश संकेतस्थळावर टाका. तुमच्या दप्तरातला कागद आमच्याकडे मागू नका. अधिमूल्य ज्याने सूट घेतली त्याच्याकडून वसूल करा.

पाहणीला कोणी पाठवणार असाल तर पावसाआधी पाठवा. दुसऱ्या जिन्याची चौथी पायरी निखळली आहे, भिंतीकडून चढायला सांगा.

आपली,
एक सोसायटी सेक्रेटरी