आधी मास्तरांचं घर बांधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात चर्चच्या तरुणांच्या परदेशी मिशन ट्रिपवर लेख आला होता. फोटो छान होते, मुलांच्या हातात फुगे आणि मागे ताज्या रंगाची शाळा. तो वाचल्यापासून लिहायचं मनात आहे, कारण मी स्वतः अशा ट्रिपला जाऊन आलेय. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, निम्मी नोकरी पेठ आणि सुरगाण्यात झाली, त्यामुळे खेड्यातली शाळा कशाने चालते आणि कशाने बसते हे थोडंफार कळतं असं समजते.

मुलगी ग्लासगोला असते, तिच्या चर्चचं आफ्रिकेतल्या मलावी देशात मुलांजे जिल्ह्यातल्या एका शाळेशी बरीच वर्षं नातं आहे. तसं स्कॉटलंड आणि मलावीचं नातं फार जुनं, तिथल्या ब्लँटायर शहराचं नावच आफ्रिकाभर फिरलेल्या स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या जन्मगावावरून पडलंय, १८७६ मध्ये स्कॉटिश मिशन आलं तेव्हापासून. २०२४ च्या जुलैत दहा जणांची टीम निघाली होती, आयत्या वेळी एकाचं रद्द झालं आणि मुलगी म्हणाली आई तू चल.

माझ्या मनात वेगळंच कारण होतं. आम्ही शरणपूरवाले, म्हणजे नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती मिशन वस्तीतले. आजी सांगायची की आपल्या मिशनमध्ये पूर्वी आफ्रिकेची मुलं राहायची, आणि ते खरंच आहे, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली मुलं इंग्रजांनी मुंबईला आणली, त्यातली कित्येक नाशिकला शरणपूरला वाढली, सुतारकाम लोहारकाम शिकली आणि लिव्हिंगस्टनने शेवटच्या सफरीसाठी त्यातलीच काही सोबत नेली. १८७३ मध्ये तो वारला तेव्हा त्याचा देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो नाशिकला शिकलेला. आणि त्यांच्यातच होता चुमा, तो मलावीच्याच बाजूचा, मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहून गेलेला. हे मी तिथल्या हेडमास्तरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले, म्हणाले आमच्या भाषेत चुमा म्हणजे संपत्ती, ती तुमच्या मुलखाने सांभाळली होती तर.

आता शाळेबद्दल. मुलांजेचा डोंगर ३००० मीटरचा, पायथ्याला चहाचे मळे, आणि जुलैत तिथे चिपेरोनी म्हणून गार धुकट भुरभुर पडते, दिवस दिवस थांबत नाही. त्या भुरभुरीत मुलं अनवाणी येतात, हातात आपापला मग घेऊन. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेले, गावातल्या आयांच्या पाळ्या लावलेल्या असतात, पगार काही नाही, चार बायका वल्ह्याएवढ्या लाकडी पळीने मक्या-सोयाच्या पिठाची खीर घोटत होत्या, लिकुनी फाला म्हणतात तिला. एकीच्या पाठीला बाळ बांधलेलं, ती घोटायची तसं बाळ झोपेत डुलायचं. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, मका जळाला, सरकारने २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केलेली. एक मुलगा अर्धी खीर खाऊन मगावर वही झाकून ठेवत होता, बाईंनी सांगितलं घरी धाकटी बहीण आहे. आपल्या पोषण आहाराच्या खिचडीच्या रांगेत मी अशी मुलं पाहिलीत, तरी तिथे मला बघवेना.

पहिलीच्या वर्गात मी १४३ मुलं मोजली. मलावीत १९९४ ला प्राथमिक शिक्षण मोफत झालं तेव्हा पटावर एकदम दहाएक लाख मुलं वाढली, खोल्या आणि मास्तर काही त्या वेगाने वाढले नाहीत. आमच्या टीमने काय नेलं होतं? गोष्टींची इंग्रजी पुस्तकं, बर्फाच्या माणसांची चित्रं असलेली, आणि खालचे वर्ग शिकतात तिथल्या चिचेवा भाषेत. कपड्यांच्या बॅगा, तर जुने परदेशी कपडे तिथल्या बाजारात ढिगाने मिळतात. आणि दोन वर्गांसाठी रंग.

तिसऱ्या दिवशी शाळा समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला, त्यावर एकच मागणी, मास्तरांसाठी घर. विटा गावाने आधीच भाजून रचून ठेवलेल्या होत्या, लागणार होतं सिमेंट, पत्रे आणि गवंड्याची मजुरी. पहिलीला शिकवणारी ती तरुण बाई रोज नऊ किलोमीटर चालत यायची, पावसाळ्यात ओढा चढला की वर्ग बंद, आणि तिने बदलीचा अर्ज दिलेला. १४३ मुलांची ती एकच बाई. ते ऐकताना मला सुरगाण्याची माझी खोली आठवली, सरपंचांनी धान्याची कोठी रिकामी करून दिलेली, तेवढी खोली मिळाली म्हणून मी त्या गावात सहा वर्षं टिकले, नाहीतर मीही वर्षभरात बदली मागितली असती.

खरं सांगते, तो कागद एक वर्ष आधीच ईमेलने आलेला होता. आमच्यात तो नीट वाचलाच गेला नव्हता कारण टीमचं काम आधीच ठरलेलं, रंग द्यायचा आणि मुलांसोबत कार्यक्रम करायचा. दहा जणांच्या नुसत्या तिकिटांच्या पैशात ते घर उभं राहिलं असतं, हे समितीच्या खजिनदारांनी नाही, माझ्या मुलीने तिथेच बसून वहीवर मांडून दाखवलं आणि ती रडली.

म्हणून आपल्याकडच्या चर्चच्या ज्या मंडळ्या अशा ट्रिप आखतायत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, जाऊ नका असं मी म्हणत नाही, मी गेले नसते तर मला त्या खिरीच्या रांगेतलं काहीच कळलं नसतं. पण दहाच्या जागी दोघं जा, जाण्याआधी तिथल्या समितीला विचारा आणि ती जे सांगेल तेच करा, मग त्याचा फोटो कितीही साधा येवो. रंग द्यायला तिथे माणसं आहेत, त्यांना त्या मजुरीची गरज आहे. आणि तरुण पोरांना न्यायचंच असेल तर पहाटे पाचला त्या आयांसोबत चुलीपाशी उभं करा, पळी हातात द्या.

परत आल्यावर ग्लासगोच्या मंडळीने पुढची ट्रिप रद्द करून पैसे समितीकडे पाठवले, त्यात शरणपूरच्या आमच्या महिला मंडळाचीही थोडी भर आहे. परवा हेडमास्तरांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, भिंती छातीएवढ्या झाल्यात, बाईंनी बदलीचा अर्ज मागे घेतलाय. तिकडे नोव्हेंबरात पाऊस लागतो, त्याआधी पत्रे चढायला हवेत. ५६ लागणार आहेत, ३१ जमलेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शरणपूर रोड, नाशिक