शेवटच्या ३३ सेकंदांचा भाव

ह्यूस्टन, १३ एप्रिल २०२५

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला. प्रोबो या निकालावर पैसे लावायच्या ॲपवर आयपीएलचं चालायचं तसंच तिकडे बास्केटबॉलचं चालतं का, आणि त्यात काही दम आहे का, असं विचारलंयस. बरं झालं आत्ताच विचारलंस. ५ एप्रिलच्या शनिवारी भाच्याच्या शेजारी बसून हा प्रकार मी जवळून पाहिला.

सांगाडा तोच. अंदाज बरोबर ठरला तर प्रोबोवर दहा रुपये मिळायचे, इथे कॅल्शी या बाजारात एक डॉलर. ड्यूक हा कॉलेजचा संघ धर; ‘ड्यूक जिंकेल’चा भाव ७० सेंट असेल, तर बाजाराच्या मते शंभरात सत्तर शक्यता. जिंकले तर डॉलर, हरले तर शून्य. मधेच विकून बाहेरही पडता येतं. म्हणजे तुझा शेअरबाजारातला, मुदत संपायच्या दिवसाचा ऑप्शनच, फक्त दोन तासांत आटोपणारा.

टेक्सासात खेळांवर पैसे लावायला कायद्याने बंदी आहे. पण कॅल्शीचं म्हणणं, आम्ही केंद्राच्या सीएफटीसी या नियामकाच्या हाताखालचा वायदेबाजार, राज्यांचा काय संबंध? नेवाडा आणि न्यू जर्सीने मार्चमध्ये नोटिसा धाडल्या, तर ही मंडळी थेट कोर्टात. वयाची अट अठराची, त्यामुळे आमचे एकोणीस वर्षांचे भाचेबुवाही ‘ट्रेडर’!

तर मॅच. कॉलेजांच्या स्पर्धेची सेमीफायनल, सॅन अँटोनियोत, ड्यूक विरुद्ध आमचं ह्यूस्टन. आठ मिनिटं उरली तेव्हा ड्यूक १४ गुणांनी पुढे. त्यांचा भाव नव्वदीत, ह्यूस्टनचा कवडीमोल. भाच्याने तोच उचलला, तुमच्याकडे ज्याला हिरो-झिरो म्हणतात तो: लागला तर घबाड, नाही तर शून्य. अर्ध्या मिनिटाहून जरा जास्त उरलं तेव्हाही ड्यूक सहाने पुढे होतं. मग ह्यूस्टनच्या शार्पचा तीन गुणांचा बास्केट. लगेच चेंडू हिसकावला, एक फेक हुकली आणि टगलरने ती परत आत ठोकली: ६७-६६. ड्यूकच्या प्रॉक्टरचा फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारी मोकळी फेक) चुकला, आमच्या रॉबर्ट्सने त्याचे दोन्ही घातले. ड्यूकच्या कूपर फ्लॅगचा शेवटचा फटका आखूड पडला, आमचे आणखी दोन फ्री थ्रो आत. ७०-६७! शेवटच्या ३३ सेकंदांत ह्यूस्टनचे नऊ गुण, समोरच्यांचा एकही नाही.

पण माझं लक्ष टीव्हीवर कमी, त्याच्या फोनवर जास्त होतं. रॉबर्ट्स टीव्हीवर अजून चेंडू टपटपवत उभा, आणि फोनवर ह्यूस्टनचा भाव टुणकन वर! आमचं स्ट्रीमिंग काही सेकंद मागे, बाजार पुढे. पोरगं ‘सेल’ दाबायला जाई तोवर मागचा भाव गायब. समोर कोण बसलंय म्हणशील? सस्केहॅनासारख्या बड्या ट्रेडिंग फर्म कॅल्शीवर दोन्ही बाजूंनी भाव लावून असतात. त्यांना काय आमच्यासारखा बफरिंगचा चकरा मारणारा गोल बघत बसावं लागतं?

म्हणून माझं मत: सामन्याआधी घेऊन शेवटपर्यंत धरायचं असेल तर ती सरळ पैज आहे, मनोरंजनाचे पैसे गेले म्हणायचं. चालू सामन्यात घे-विक करून कमवीन म्हणशील, तर नाव नको काढूस. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते प्रॉक्टरचं. वीस-एकवीसचं पोर, आणि त्याच्या एका फ्री थ्रोवर हजारो अनोळखी लोकांचे पैसे टांगलेले. हरल्यावर असल्या मुलांना फोनवर काय काय शिव्या येतात, ते एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची संघटना, कधीपासून ओरडून सांगतेय.

भाचा त्या दिवशी फायद्यात राहिला, हे ताईला सांगू नकोस. सोमवारी फायनलला फ्लोरिडाने ६५-६३ ने आम्हाला हरवलं, त्यात तो सगळा परत गेला, हे मात्र सांगितलंस तरी चालेल.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. जुलैत येतोय.

तुझा,
बाळ्या