मागच्या रांगेवरून

बाळ्या,

काल फोनवर नुसतं हं हं करत होतास तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. सरांनी मागच्या रांगेत टाकलं म्हणून एवढं तोंड पाडून बसतात का रे? तुझ्या बॅलेतलं मला काही कळत नाही, पण तू ज्याचे व्हिडिओ दाखवले होतेस ना, तो चीनचा ली त्सुनशिन, त्याच्याबद्दल मी नंतर बरंच वाचलं (पप्पा म्हणतात, आता हिलाच क्लासला घाला).

1961 चा जन्म, चिंगदाओजवळचं खेडं, सात भावांतला सहावा, जेवायला बहुतेक वाळवलेली रताळीच. 11 वर्षांचा असताना बीजिंगहून माणसं शाळेत आली, माओच्या बायकोच्या डान्स अकादमीसाठी पोरं निवडायला. ह्याच्या वर्गातली एक मुलगी निवडली आणि निघालेसुद्धा, तेवढ्यात बाई म्हणाल्या, तो बघा ना, तो कसा वाटतो? झालं, एवढ्यावर निवड! बॅले कशाशी खातात हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

लोक म्हणतात उपजत टॅलेंट. मला नाही पटत. सुरुवातीला तर तो घरच्या आठवणीने रडायचा आणि क्लासमध्ये कच्चा होता, मग शियाओ नावाचे सर भेटले, त्यांना बॅलेचं वेड, ते ह्यालाही लागलं, आणि मग रात्री मेणबत्ती लावून गिरक्यांची प्रॅक्टिस काय, घोट्याला वाळूच्या पिशव्या बांधून जिन्यावर उड्या काय, अशी 7 वर्षं काढली तिथे. 1979 मध्ये ह्यूस्टन बॅलेच्या बेन स्टीव्हन्सननी अमेरिकेला बोलावलं. 1981 मध्ये तिथेच राहायचं म्हणाला तर चिनी वकिलातीने कोंडूनच ठेवलं, प्रकरण पार वर गेलं तेव्हा सुटला, पण मायदेश तुटला. पुढे मेलबर्नला ऑस्ट्रेलियन बॅलेत गेला, 1999 ला स्टेज सोडून शेअर ब्रोकर (हे पप्पांना फार आवडलं), आणि 2012 ते 2023 क्वीन्सलँड बॅलेचा डायरेक्टर होता.

मी मात्र त्याच्या आईपाशीच अडकले. एवढंसं पोर बीजिंगला धाडलं, मग ते परदेशात गेलं आणि परत येईल की नाही ह्याचा पत्ता नाही. 1984 मध्ये कुठे आईवडिलांना ह्यूस्टनला जायला मिळालं, तेव्हा नटक्रॅकर नावाच्या बॅलेमध्ये लेकाला नाचताना पाहिलं तिने. तू तर एसटीने रात्री निघालास तर सकाळी घरी असतोस, मग मला कसलं दुःख?

पैशाचं मनात आणू नको, सोयाबीन विकलं, फी भरलीय. सरांना सरळ विचार की माझं नेमकं काय चुकतंय, ओरडले तर ओरडू देत. शेंगदाण्याची चटणी पाठवतेय, डबा परत आण, मागचे सगळे तुझ्याकडेच पडलेत.

आई