बीपी मोजण्याआधीची पाच मिनिटे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या भागात मोफत आरोग्य तपासणी शिबिर झाले. मंडपापासून चहापाण्यापर्यंत सारे आयोजकांनी पदरमोड करून केले, हे आधी लिहिते. पण रक्तदाबाच्या टेबलापाशी जे पाहिले, त्यानंतर गप्प बसवेना. मी 31 वर्षे सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते.

आमच्या शेजारचे काका 72 वर्षांचे आहेत. उन्हातून चालत आले, अर्धा तास रांगेत उभे राहिले आणि स्टुलावर टेकताक्षणी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला गेला. शर्टाची बाही वर सरकवून तिचा घट्ट वळसा झाला होता, पट्टा त्याच्यावरच. पाठीला आधार नाही, हात मांडीवर. मशीन फुगत असताना टेबलावरची मुलगी नाव, वय, मोबाइल नंबर विचारत होती आणि काका उत्तरे देत होते. आकडा आला 168/96. "काका, बीपी फार वाढलंय, आजच डॉक्टरांना दाखवा." काका त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, त्यांना पाठीच्या खुर्चीत बसवले. पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. उघड्या दंडाला पट्टा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मग पाच मिनिटे घरात कोणीही एक शब्द बोलायचा नाही. 136/82. एका मिनिटाने पुन्हा, 132/80. पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ आकडे याच आसपास राहिले. ते वहीत लिहून काका आता त्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत, निर्णय डॉक्टरांचा.

त्या मुलीला मी दोष देत नाही. दोन तासांत दीडशे माणसे तिच्यासमोरून गेली. पाच मिनिटे तिला कोणी दिलीच नव्हती.

हात खाली राहिला तर काय बिघडते, असे मला नेहमी विचारतात. हृदयापेक्षा हात 10 सेंटिमीटर खाली असेल तर तेवढ्या उंचीच्या रक्ताचा भार आकड्यात मिळतो आणि बीपी सात-आठने जास्त दिसते. हात वर धरला तर तितकेच कमी. बोलणे, तुंबलेली लघवी, नुकताच घेतलेला चहा किंवा तंबाखू, प्रत्येकाने थोडी थोडी भर पडते. 140/90 च्या सीमेवरचा माणूस एवढ्याने इकडचा तिकडे होतो, आणि पुढे रोजची गोळी ठरते ती याच आकड्यावर.

मुळात आपण मोजतो काय, तेही लोकांना कोणी सांगत नाही. पट्टा फुगला की दंडातली रोहिणी दाबून बंद होते, शेतातल्या पाइपवर पाय दिल्यावर पाणी थांबते तशी. मग हवा हळूहळू सोडायची, दाब सेकंदाला पाऱ्याचे दोन-तीन मिलिमीटर उतरेल अशी. रक्ताचा जोर पट्ट्याच्या दाबाला जरासा वरचढ झाला की प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त निसटते आणि स्टेथोस्कोपमध्ये टक्, टक् ऐकू येते. पहिला आवाज म्हणजे वरचे बीपी. रोहिणी पुरती मोकळी झाली की रक्त बिनआवाज वाहते. आवाज विरतो तिथे खालचे बीपी. 1905 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या तरुण शल्यचिकित्सकाने हे आवाज रक्तदाबाशी जोडून दाखवले. शिकत असताना तो पहिला 'टक्' कानावर पडला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, तो अजून आठवतो.

आजची बॅटरीवरची मशीन आवाज ऐकत नाहीत. पट्ट्यात उमटणारी स्पंदने टिपून त्यांवरून हिशेबाने आकडे काढतात. म्हणून मध्येच हात हलवला तर चूक होते, आणि ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांच्या बाबतीत एका आकड्यावर विसंबता येत नाही. "पाऱ्याचं मशीनच खरं होतं," असे जुनी मंडळी हळहळून म्हणतात. पारा विषारी आहे आणि पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानंतर ती मशीन जगभर मागे पडत गेली, ते योग्यच झाले. दंडावरचे, तपासून प्रमाणित केलेले मशीन चांगले काम देते. बाहीवरून आणि घाईत मोजले तर पाऱ्यानेही चुकीचाच आकडा दिला असता.

पट्ट्याच्या मापाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ती चूक माझ्याच घरात झाली. माझ्या सासूबाईंचा दंड जाड. नेहमीच्या पट्ट्याने त्यांचे वरचे बीपी सतत 160 च्या पुढे येई. मी स्वतः मोजायचे, तोच पट्टा ओढूनताणून बसवायचे. औषध वाढत गेले. एका रात्री उठताना त्यांना चक्कर आली, त्या मोरीच्या उंबऱ्यावर पडल्या आणि मनगट मोडले. त्यानंतर आमच्या वॉर्डातल्या एका वयस्कर सिस्टरनी मोठ्या मापाचा पट्टा आणून मोजले, तर आकडा तब्बल 18 ने खाली. डॉक्टरांनी सगळे आकडे पुन्हा पाहून डोस कमी केला. पट्ट्यातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण 80 टक्के भागाला वेढणारी हवी, हे मला शिकवलेले होते. रोजच्या रांगेत मी ते सोडून दिले होते, आणि त्याचे दुःख मला आजही आहे.

ही चूक नवी नाही, याने जास्त वाईट वाटते. 1896 मध्ये इटलीच्या शिपिओने रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला, तो जेमतेम 5 सेंटिमीटर रुंद होता आणि आकडे फुगवून दाखवत असे. 1901 मध्येच जर्मन डॉक्टर फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी अरुंद पट्ट्याचा हा दोष दाखवून रुंद पट्टा वापरला. सव्वाशे वर्षांनी आमच्या शिबिरात चार टेबले होती आणि चारही टेबलांवर एकाच मापाचे पट्टे.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच जणांना नुसते "नॉर्मल आहे, जा" एवढेच सांगितले गेले, कागदावर आकडा नाही. काहींचे बीपी तपासणीच्या वेळी ठीक येते आणि घरी, कामावर चढलेले असते. अशा माणसाकडे जुने आकडे लिहिलेले असतील तरच पुढे कोणाच्या तरी ते लक्षात येईल. आपला आकडा लिहून मागण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.

आपल्या दैनिकात अशा शिबिरांच्या बातम्या नेहमी येतात. किती जणांनी लाभ घेतला ते छापता, तसे किती जणांना पाच मिनिटे बसवले, किती मापांचे पट्टे होते, दुसऱ्यांदा मोजले का, हेही वार्ताहरांनी विचारावे अशी विनंती आहे. आकडा जास्त आल्यास वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या, असे छापील कागदावर लिहून द्यायला आयोजकांना फारसा खर्च नाही. 180/110 च्या वर आकडा असेल आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे असे काही असेल तर मात्र त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे, तिथे वहीत नोंद करत बसायचे नाही. आणि चालू गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करू नये, माझे हे पत्र वाचूनही नाही.

पुढचे शिबिर महिनाअखेरीस आहे. पाठीच्या दहा खुर्च्या आणि मोठ्या मापाचे दोन पट्टे मी घेऊन येते, रांगेतल्या माणसांना आधी तिथे बसवा, असे आयोजकांना कळवले आहे. ते हो म्हणाले आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, सातारा